मान्यवरांसाठी पन्नास लॉगिन

आमच्या शाळेच्या फाटकावरचा फ्लेक्स अजून कोणी उतरवलेला नाही. उन्हाने त्यावरचे चेहरे निळे पडलेत, संस्थेच्या सचिवांच्या मिशीपाशी एक भोक पडलंय, पण अक्षरं वाचता येतात: 'सचिवसाहेबांच्या अथक प्रयत्नांतून विद्यार्थ्यांसाठी लाखो रुपयांचे सॉफ्टवेअर पूर्णपणे विनामूल्य.' रोज सकाळी मी त्याखालून स्कूटर आत घालतो आणि रोज मला शिसारी येते. अथक प्रयत्न म्हणजे एक ऑनलाइन अर्ज. तो मी भरला होता, मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता. वीस मिनिटं लागली, त्यातली पाच शाळेच्या शिक्क्याचा फोटो नीट येईना म्हणून गेली.

मी पनवेलमधल्या एका खासगी संस्थेच्या शाळेत संगणक शिकवतो. शाळेला जोडून अकरावी-बारावी आहे. त्या मुलांना मी आराखडे काढायला शिकवायचो, म्हणजे एखादी वस्तू मोजायची आणि स्क्रीनवर ती अशी उभी करायची की सगळ्या बाजूंनी फिरवून बघता यावी. सुरुवातीचे काही आठवडे मी त्यांना ते एका चांगल्या सॉफ्टवेअरवर शिकवलं. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, मुळातच सगळ्यांसाठी खुलं. अर्ज नाही, शिक्का नाही, किती जणांनी वापरायचं याची मोजदाद नाही. मी ते मोठ्या उत्साहाने मुख्याध्यापकांना दाखवायला गेलो.

"याची किंमत किती?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, सर."

"तसं नव्हे. बाजारात घ्यायला गेलं तर?"

"बाजारात विकतच नाहीत. सगळ्यांनाच फुकट आहे."

त्यांचा चेहरा पडला. "मग त्यात आपल्याला काय मिळालं?"

हा प्रश्न त्यांनी अगदी मनापासून विचारला होता, म्हणून मला त्याचा जास्त राग आला. आपल्याकडे फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण ते अर्धवट आहे. जे सगळ्यांना फुकट मिळतं त्याला आपण पायपुसण्याची किंमत देतो. शेजाऱ्याला विकत घ्यावं लागतं आणि आपल्याला फुकट मिळतं, ते पौष्टिक. मुख्याध्यापक म्हणाले, काहीतरी महागडं असेल तर बघा. मग मी शोधलं. परदेशातली एक मोठी कंपनी आराखड्यांचं सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीवर विकते. किंमत ऐकून घाम फुटावा अशी. पण शाळांना, सगळ्यांसाठी खुली कामं करणाऱ्या मंडळींना आणि नव्यानेच धंदा उभारणाऱ्यांना ती तेच फुकट वापरू देते. मी अर्ज केला, आठवड्यात होकार आला, पन्नास लॉगिन एका वर्षासाठी. खोटं कशाला बोलू, मीही हुरळलो होतो.

मग लोकार्पण झालं. संगणक कक्षाच्या पायरीवर नारळ फोडला, त्याचं पाणी चपलांच्या मांडणीत गेलं. पहिल्या मॉनिटरला हळदकुंकू लावलं, ते आजही कोपऱ्यात लाल दिसतं. कंपनीकडून कोणी येणार नव्हतं, येणं शक्यही नव्हतं. पण शाल आणलेली होती आणि ती कोणाला तरी घालायलाच हवी होती. ती सचिवांना घातली. सचिवांनी भाषणात सॉफ्टवेअरचं नाव तीनदा चुकीचं घेतलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. खरी घाण यादीपासून सुरू झाली.

आमच्या संस्थेत कुठलीही यादी कोऱ्या कागदावर सुरू होत नाही. कार्यालयातल्या लेखनिकाकडे वार्षिक स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेची एक फाईल आहे. त्यात अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, सदस्य, माजी सदस्य, देणगीदार अशी नावं मानाच्या क्रमाने लावून ठेवलेली आहेत, आणि तो क्रम कधी हलत नाही. एकदा एक नाव दोन ओळी खाली गेलं तर त्या गृहस्थांनी तीन वर्षं शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. आरोग्य शिबिर असो की वृक्षारोपण, लेखनिक तीच फाईल उघडतो आणि वरचं शीर्षक बदलतो. पन्नास लॉगिनांची यादीही त्याने तशीच केली. मान संपेपर्यंत एकोणचाळीस नावं झाली होती. मुलांसाठी अकरा उरली.

त्या एकोणचाळिसांत एक असे सन्माननीय सदस्य होते की मोबाइलवर आलेला फोनसुद्धा नातीकडून उचलून घेतात. मी तणतणत मुख्याध्यापकांकडे गेलो.

"अहो, मान असतो," ते म्हणाले. "ते थोडेच वापरणार आहेत? नाव असू द्या."

कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे एक रकाना होता: विद्यार्थी की शिक्षक. लेखनिकाने तिथे एकोणचाळीस वेळा 'मान्यवर' असं टंकलं होतं. कंपनीचा तक्ता ते घेईना. तो दोनच शब्द ओळखत होता. लेखनिक बिचारा खरोखर गोंधळला, म्हणाला, "सर, ह्यांना मान्यवर नाही लिहायचं तर काय लिहायचं?" मी त्याला बाजूला सारलं आणि एकोणचाळीस वेळा 'शिक्षक' निवडलं. आमच्या शाळेत शिक्षक एकोणीस आहेत. खाली एक चौकोन होता, वरील माहिती खरी आहे म्हणून खूण करायची. ती खूण माझ्या हाताची आहे. या सगळ्या लोकांची मला किळस येते असं मी म्हणतो तेव्हा हे मी विसरत नाही.

अकरा लॉगिन आणि बत्तीस मुलं. तिघातिघांनी मिळून एकेक वापरायचं असं ठरलं. त्यांतलं सत्तेचाळीस नंबरचं लॉगिन हळूहळू एकाच मुलीचं झालं, कारण तिच्याबरोबरच्या दोघी कंटाळून गेल्या आणि ती काही उठेना. खाडीकाठच्या मासेमारी करणाऱ्या घरातली मुलगी. लॉगिन सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी मुलांना घरातली एखादी वस्तू मोजून आणायला सांगितलं होतं. कोणी स्टूल आणलं, कोणी कुकर. ती सुतळीचं एक भेंडोळं घेऊन आली. त्याला ठिकठिकाणी गाठी मारलेल्या.

"काय आहे हे?"

"होडी हाय, सर. आमची. टेप पुरली नाय म्हनून सुतळीनं मोजली."

तिच्या वाडीतल्या होड्यांचा कागदावर नकाशाच नसतो. उरणकडचा एक म्हातारा सुतार त्या डोळ्याच्या अंदाजाने बांधायचा, आणि आता त्याच्याकडे कोणी होडी बांधायला जात नव्हतं. तिच्या वडिलांनीही मासेमारी सोडून द्रोणागिरीच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम धरलं होतं. होडी चिखलात उभी होती. लाकूड कुजायच्या आत मोडून विकायची असं त्यांनी ठरवलं होतं. पोरीने हट्ट धरला, माझं काढून होईपर्यंत थांबा. ते पाच महिने थांबले. फळ्या झाल्या, आतल्या बरगड्या झाल्या, पण होडीचं पुढचं टोक, ज्याला ते नाळ म्हणतात, त्याचा बाक तिला महिनाभर जमत नव्हता. सुतळी दोनदा बदलली. मी शिक्षक म्हणून इतका आनंद पूर्वी कधी घेतला नव्हता, हेही सांगून टाकतो.

होडी पुरी झाली तेव्हा तिचे वडील शाळेत आले. गोदामाचा निळा शर्ट तसाच अंगात. संगणक कक्षाबाहेर चपला काढून, आत येऊन स्टुलावर बसले आणि स्क्रीनवर फिरणारी स्वतःची होडी बघत राहिले. मग बोट टेकवून म्हणाले, "हितं एक फळी मागनं बदललेली हाय. ती दिसत नाय." पोरीने तिथल्या तिथे ती फळी वेगळी करून दाखवली. त्यांनी मान हलवली.

"आता मोडली तरी चालंल," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सर, हितनं ती जायाची नाय ना?"

"छे हो. कुठे जातेय," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात त्यांनी होडी मोडली. पोरीने होड्या आणि जहाजांचे आराखडे शिकवणाऱ्या एका अभ्यासक्रमाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. बारावीची परीक्षा झाली की मुलाखत, आणि मुलाखतीत स्वतः केलेलं काम उघडून दाखवायचं. तिच्याकडे दाखवायला ती होडी होती, दुसरं काहीच नव्हतं.

इकडे मान्यवर वापरणार नाहीत हा मुख्याध्यापकांचा अंदाज साफ चुकला. ते स्वतः नाही वापरत, पण फुकटची वस्तू पडून राहिलेली त्यांना बघवत नाही. ज्याच्या त्याच्या घरात कोणीतरी इंजिनिअर, कोणीतरी इंटिरिअरवाला निघाला. सचिवांच्या पुतण्याचं उलव्याला इमारतींचे नकाशे काढायचं ऑफिस आहे. त्याने आधी नवा धंदा म्हणून हेच सॉफ्टवेअर फुकट घेतलं होतं. मुदत संपल्यावर बायकोच्या नावाने पुन्हा नवा धंदा काढला, मग आईच्या नावाने. आई थकल्यावर तो शाळेकडे वळला. मानकऱ्यांची सहा-सात लॉगिन त्याच्या ऑफिसात गेली. हपापाचा माल गपापा.

एकदा त्याने मला वर्गात असताना फोन केला.

"सर, त्या प्रिंटच्या कोपऱ्यात 'फक्त शैक्षणिक वापरासाठी' असं येतंय. क्लायंट विचारतो ना यार. ते कसं काढायचं?"

"ते निघत नाही," मी म्हणालो.

"असं कसं? तुम्ही कॉम्प्युटरचे सर ना?"

पुढे मला कळलं, त्याने आपल्या फर्मच्या नावाचे स्टिकर छापून घेतले आणि प्रत्येक नकाशाच्या त्या कोपऱ्यावर चिकटवायला सुरुवात केली. चोरी करणारा माणूस निदान घाबरतो तरी. हा माणूस माझ्याकडे तक्रार करत होता की फुकट मिळालेल्या मालावर दिलेल्याने आपलं नाव का घातलं. आणि मी काय केलं? मी फोन ठेवला आणि फळ्याकडे वळलो. पुतण्या कोणाचा आहे ते मला माहीत होतं, आणि माझी नोकरीत कायम होण्याची फाईल आठ महिने सचिवांच्या टेबलावर होती.

मुलांची बारावीची परीक्षा संपता संपता कंपनीचं पत्र आलं. ते मला आलं, कारण पन्नासही लॉगिन माझ्या नावाखाली होती. पत्र सभ्य होतं. तुमच्या एकोणचाळीस शिक्षकांपैकी बरेच जण दिवसभर मोठमोठ्या इमारतींचं व्यावसायिक काम करताना दिसतात, म्हणून सगळी खाती थांबवली आहेत. खरे विद्यार्थी कोणते आणि बाकीचे कोण, हे सात दिवसांत शाळेने लेखी कळवलं तर विद्यार्थ्यांची खाती उघडून देऊ, त्यांचं काम त्यांना उतरवून घेता येईल. नाही कळवलं तर सगळं पुसलं जाईल. सगळी कामं कंपनीच्याच सर्व्हरवर होती. वेळोवेळी प्रत उतरवून ठेवायची असते हे मी मुलांना शिकवलं नव्हतं. वर्ष संपताना एकदम करू म्हणून टाळलं होतं.

मी पत्र घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो, ते मला घेऊन सचिवांकडे गेले. सचिव चहा पीत होते. मला बसा म्हणाले नाहीत.

"म्हणजे आम्ही लेखी द्यायचं की आम्ही चोर आहोत?"

"तसं नाही, साहेब. फक्त अकरा मुलांची नावं कळवायची. एका मुलीची मुलाखत आहे, तिचं सगळं काम..."

"आणि बाकीचे कोण, ते पण विचारलंय ना त्यांनी? त्यात अध्यक्षांचं नाव आहे. उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं तर?" त्यांनी बशी खाली ठेवली. "अहो, फुकटचंच होतं. गेलं तर गेलं. दुसरं काहीतरी फुकट बघा. बाजारात काय कमी आहे?" मी दारापर्यंत गेल्यावर ते मागून म्हणाले, "तुमची फाईल बघतोय मी या महिन्यात."

घरी येऊन मी पत्र लिहिलं. चार ओळींचं. एकोणचाळीस जण शिक्षक नाहीत, तशी नोंद मी केली, अकरा विद्यार्थी खरे आहेत, त्यांची यादी सोबत. लिहून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी उघडून एक शब्द बदलला. तिसऱ्या दिवशी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाठवा की मग." मी म्हणालो, इतकं सोपं नसतं. पाचव्या दिवशी ती मुलगी संगणक कक्षात आली.

"सर, होडी उघडत नाय."

"काहीतरी अडचण आहे कंपनीकडून. होईल."

"मुलाखत हाय ना, सर."

"होईल म्हटलं ना."

सातव्या दिवशी मी दिवसभर पेपर तपासले. आठव्या दिवशी सकाळी कंपनीच्या साइटवर लॉगिनांची यादी उघडली तर पन्नासही ओळी कोऱ्या होत्या.

मी तिला सांगितलं, कंपनीने बंद केलं, परदेशी लोक, त्यांना आपल्या मुलांची काय पडलीय. मुख्याध्यापकांनी एक मेच्या झेंडावंदनाला त्यावर भाषणच ठोकलं, परक्यांवर विसंबू नका म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्यात माझाही आवाज होता. ती मुलाखतीला सुतळीचं भेंडोळं घेऊन गेली. तिथल्या लोकांनी गाठी हाताळून बघितल्या, छान आहे म्हणाले, पुढच्या वर्षी फाईल घेऊन या म्हणाले. तिचं वर्ष गेलं. ती आईबरोबर मासळी बाजारात बसू लागली.

पुढच्याच महिन्यात माझी ऑर्डर आली. सचिवांनी ती स्वतःच्या हाताने दिली आणि पेढा भरवला. मी खाल्ला.

त्यानंतर मी मासळी आणायला बायकोला पाठवू लागलो. तिने दोनदा पाठ दुखते म्हणून सांगितलं, तिसऱ्यांदा सरळ म्हणाली, "तुमचं तुम्ही जा." गेलो. दोन महिन्यांपूर्वीची, रविवारची गोष्ट. मी मान खाली घालून चाललो होतो, तेवढ्यात हाक आली.

"सर! हितं या. बोंबील ताजं हायत."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला रागवायला कारणच माहीत नव्हतं. हात पुसून तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर होडी होती. तीच, बदललेल्या फळीसकट.

"परत काढली, सर. तुमी पयलं शिकवलेलं ना, फुकटवालं, त्याच्यात. मामाच्या पोरीचा लॅपटॉप घेतला. नाळ नव्हती आठवत, मग सुतारकाकांच्या घरी चार येळा गेले."

तिने ती होडी इंटरनेटवर एका ठिकाणी ठेवली होती. देशोदेशीचे लोक तिथे जुन्या होड्यांचे आराखडे आणून ठेवतात, कोणीही घ्यावे, सुधारावे. प्रत्येक आराखड्याखाली नावांची यादी असते. तिने बोटाने खाली सरकवून दाखवली.

"हितं मानाबिनाचं काय नाय, सर. नाव लिवायचं आनि फुडं त्यानं काय केलं ते लिवायचं. बस."

मी वाचलं. वडिलांच्या नावापुढे होतं, सुतळीचं दुसरं टोक धरलं. सुताराच्या नावापुढे, नाळेचा बाक हवेत हाताने काढून दाखवला. मामाच्या मुलीपुढे, तीन महिने रविवारचा लॅपटॉप दिला. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या एका माणसापुढे, एका जोडणीतली चूक दाखवली. आणि या सगळ्यांच्या वर माझं नाव होतं. त्याच्यापुढे काही नव्हतं.

"तुमचं पयलंच टाकलंय," ती म्हणाली. "तुमी नसतं शिकवलं तर आमी कुटं काय काढनार होतो? पन फुडं काय लिवू ते तुमालाच इचारायचं होतं. एकच वळ. होडी वाचवायला तुमी काय केलंत ते सांगा, मी लिवते."

मोबाइल तिने टायपायला तयार धरला होता. शेजारच्या पाटीवरची बाई भाव सांगत होती, वरून विमान गेलं, ते जाईपर्यंत ती थांबली.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"सांगा आरामात, सर. यंदाच्या मुलाखतीच्या आदी पायजे फकस्त." तिने बोंबील पिशवीत भरले आणि वर दोन जास्तीचे टाकले. मी नको म्हणालो नाही.

ती जागा अजून मोकळी आहे. मी जवळजवळ रोज शाळेतल्या कुंकू लागलेल्या मॉनिटरवर ती यादी उघडून बघतो. तिने मागितलेली ओळ मला त्याच वेळी माहीत होती, बोंबलांची पिशवी हातात धरून उभा होतो तेव्हाच, आणि ती न सांगता मी घरी आलो.